विकिपीडिया ऐकताना: बाइटचं वजन आणि मध्य सा

विकिपीडियावर होणारे बदल थेट सुरांत ऐकवणारं ‘लिसन टू विकिपीडिया’ हे संकेतस्थळ (स्टीफन लापोर्ट आणि महमूद हाशेमी, २०१३) इथल्या बहुतेकांनी ऐकलेलं असणार. लेखात मजकूर वाढला की घंटा, घटला की तार छेडल्याचा आवाज, आणि बदल जितका मोठा तितका सूर खालचा. त्याच धर्तीवरचं माझं यंत्र आता मराठी, तमिळ आणि इंग्रजी विकिपीडियावर एकत्र वाजतंय.

माहिती येते ‘इव्हेंटस्ट्रीम्स’मधून, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या थेट नोंदींच्या प्रवाहातून. सगळ्या प्रकल्पांतले बदल एकाच प्रवाहात येतात, त्यात विकिडेटा (माहितीसाठा) आणि कॉमन्स (चित्रं-ध्वनींचा संग्रह) यांचाच लोंढा. त्यामुळे चाळणी आपल्यालाच लावावी लागते. ‘कॅनरी’ डोमेनच्या नोंदी चाचणीपुरत्या असतात, त्या आधी गाळा. जोडणी तुटून पुन्हा जुळली की मधल्या काळातले राहिलेले बदल एकदम अंगावर येतात. वेळेचा शिक्का बघून शिळे बदल मी टाकून देतो. थेट म्हटलं की थेटच हवं.

खरी गंमत सुरांत आहे. बदलाची लांबी येते ती बाइटमध्ये, आणि यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायची पद्धत) इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो तर देवनागरी चिन्हाला ३. ‘क्ष’ (क, हलन्त आणि ष) एकटाच ९ बाइट खातो! माझ्याकडे कंपनसंख्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात आहे (सूर तीन सप्तकांच्या आतच ठेवून). म्हणजे तेवढ्याच अक्षरांच्या बदलाला इंग्रजीत तार पंचम लागतो, तिथे मराठीत मध्य सा. तमिळचंही तेच. दोन्ही भाषा कायम खर्जाकडे झुकलेल्या.

सरसकट तीनने भागून पाहिलं, पटलं नाही. संदर्भाचे दुवे आणि साचे (लेखांत पुन्हा पुन्हा वापरायचे तयार तुकडे) यांत रोमन अक्षरं बरीच असतात, मग असे बदल उगाच किरटे वाजतात. अक्षरं मोजावीत तर नोंदीत मजकूरच नसतो, फक्त आधीची आणि नंतरची लांबी. शेवटी प्रत्येक विकीच्या अलीकडच्या बदलांचा मध्यक काढला आणि तोच त्या विकीचा मध्य सा धरला. मध्यकातून बॉट (आपोआप बदल करणारे प्रोग्रॅम) वगळलेत, नाहीतर त्यांचे एकसारखे छोटे बदल सा पळवून नेतात. भाषाभाषांमधली थेट तुलना यात गेली, पण मला तिची फार हळहळ नाही. प्रत्येक भाषा आपापल्या पट्टीत गाते, हेच कानाला बरं वाटतं.

मराठीत अधूनमधून लांबलचक शांतता असते. तिथे तानपुरा भरायचा मोह आवरलाय. काही घडत नसेल तर ते तसंच ऐकू यावं.

आता बॉटना वेगळं वाद्य द्यायचंय. चिपळ्या डोक्यात आहेत. कुणाकडे खोलीचा घुमारा नसलेलं, मुक्त परवान्याचं ध्वनिमुद्रण असेल तर सांगा.