टीव्ही लागायला वीस मिनिटं

डिसेंबरात आमचा टीव्ही सकाळी लागायला वीस-वीस मिनिटं घेऊ लागला. 32 इंची एलसीडी, घेऊन अकरा वर्षं झालेली. बटण दाबलं की लाल दिवा लुकलुकायचा, आतून टिक-टिक असा बारीक आवाज यायचा आणि पडदा काळाच. आई सहाला बटण दाबून आंघोळीला जायची. ती येईपर्यंत कधी लागलेला असायचा, कधी नाही. दुपारी मात्र तोच टीव्ही दोन मिनिटांत लागायचा.

मेकॅनिक येऊन बघून गेला. "सप्लाय बोर्डच बदलावा लागेल, साडेतीन हजार." मला ते पटेना. टीव्हीला वीज पुरवणारा हा बोर्ड गेला असता तर दुपारीही लागला नसता. त्यावरचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारी छोटी डबी, आतून वाळत आला की गारठ्यात त्याचा अंतर्गत रोध खूप वाढतो, ऊब मिळाली की उतरतो. संशय तिथेच होता.

रविवारी टीव्ही गादीवर पालथा घातला आणि मागचं झाकण काढलं. भीती होती ती बोर्डावरच्या सगळ्यात मोठ्या, 450 व्होल्टच्या कपॅसिटरची. आपले 230 व्होल्ट एसी रेक्टिफायरमधून (एसीचा डीसी करणाऱ्या भागातून) गेले की तिथे 325 व्होल्टच्या आसपास डीसी साठतो. पिन काढून दहा मिनिटं झाली होती, तरी मीटरने त्यावर 168 व्होल्ट दाखवले. अंगावर काटा आला. बरेच जण स्क्रू-ड्रायव्हर लावून तो शॉर्ट करतात, ते मुळीच करू नये. मी होल्डरमधल्या 60 वॅटच्या बल्बच्या वायरी त्याच्या दोन्ही टोकांना लावल्या, आकडा शून्याजवळ आल्याची मीटरवर खात्री केली आणि मगच बोर्डाला हात लावला.

हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या, कुशीत 1000 मायक्रोफॅरड (ही साठवणक्षमता), 10 व्होल्टचे दोन कपॅसिटर डोक्याला फुगलेले. सपाट असायला हवं ते टोपण बोटाला चक्क उंचवट्यासारखं लागत होतं. पिन क्षणभर लावून मोजलं, तर पाच व्होल्टच्या स्टँडबाय लाइनवर, म्हणजे टीव्ही बंद असतानाही रिमोटची वाट बघणाऱ्या भागाच्या सप्लायवर, मीटर 3.9 ते 4.3 मध्ये नाचत होता; मग पिन काढून मोठा कपॅसिटर पुन्हा बल्बने रिकामा केला. ही लाइन भिंतीवरचं बटण बंद करेपर्यंत चोवीस तास चालू असते, त्यामुळे बहुतेकदा तिचेच कपॅसिटर आधी दमतात.

पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या दुकानदार काकांकडून 105 डिग्रीपर्यंत चालणारे, लो ईएसआर (अंतर्गत रोध कमी असलेले), 16 व्होल्टचे आणले. मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्ट जास्त चालतात, कमी चालत नाहीत. जुने डाग (सोल्डर) पंपाने ओढून घेतले, नव्यांची पांढरी पट्टी ऋण बाजूला ठेवून डाग दिले. पहिल्यांदा पिन सिरीज बल्बमधून, वाटेत बल्ब जोडून लावली, म्हणजे कुठे शॉर्ट राहिलाच तर बल्ब पूर्ण पेटला असता, बोर्ड वाचला असता. मीटरवर 5.1, स्थिर. टीव्ही लागला.

सोमवारी सकाळी पुन्हा टिक-टिक. वीसची सहा मिनिटं झाली होती, पण दुखणं होतंच. आई म्हणाली, "राहू दे रे आता, नवा बोर्ड टाकू." मला राहवेना.

त्या रात्री बोर्ड पुन्हा उघडला. मेन्सच्या बाजूला, स्टँडबायच्या आयसीला (चिपला) चिकटून 22 मायक्रोफॅरड, 50 व्होल्टचा एक कपॅसिटर होता, करंगळीच्या नखाएवढा. फुगलेला नाही, गळलेला नाही. आयसीला स्वतःचा सप्लाय हाच धरून देतो. तो कोरडा पडला की आयसी सुरू होतो, बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. टिक-टिक तीच. मंगळवारी पहाटे, घर गार असताना, पिन काढलेली ठेवून हेअर ड्रायरने फक्त त्यालाच मिनिटभर गरम हवा दिली. ड्रायर बाजूला ठेवून पिन लावली. टीव्ही तत्क्षणी लागला.

नवा पाच रुपयांचा. बुधवारी सहाला आईने बटण दाबलं आणि आंघोळीचा टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून बातम्या बघत उभी राहिली. काढलेला कपॅसिटर मी मीटरला लावून पाहिला. वर 22 छापलेलं. आत 3 मायक्रोफॅरडसुद्धा उरले नव्हते.