नावाचा रकाना

"आई, यात नावं कुठेत?" लेकीने विचारलं आणि मला उत्तरच देता येईना.

शाळेच्या इतिहास प्रकल्पासाठी आज लायब्ररीत गेलो होतो. तिचा विषय अमेरिकेतली गुलामगिरी. लायब्ररियन बाईंनी 1860 च्या जनगणनेतली गुलामांची वेगळी यादी कॉम्प्युटरवर उघडून दिली. वळणदार अक्षर. मालकाचं नाव पूर्ण. त्याखाली नुसतं वय 35, स्त्री, काळी. वय 8, पुरुष, काळा. एका ओळीत वयाच्या जागी 4/12. म्हणजे चार महिन्यांचं बाळ. लेक त्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिली.

"आता 1870 ची बघा," बाई हळूच म्हणाल्या. 1865 मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, त्यानंतरची ही पहिली जनगणना. इथे सुटलेली माणसं नावा-आडनावानिशी नोंदवलेली. कित्येक कृष्णवर्णीय कुटुंबांचा पूर्वजांचा शोध इथेच येऊन अडतो. मागे नावंच नाहीत.

‘सुमारे 40 लाख गुलाम’ असं वाचून मी आजवर कितीदा पान उलटलं असेल.

गाडीत लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, त्या बाळाला घरात काय म्हणून हाक मारत असतील गं?"