आधी सांधा, मग साउंडपोस्ट

मॉस्कोच्या हिवाळ्यात तंतुवाद्यांना थंडीपेक्षा हीटिंग जास्त छळतं. बाहेर उणे वीस असताना एका घनमीटर हवेत जेमतेम ग्रॅमभर पाणी मावतं. तीच हवा खोलीत येऊन २२ अंशांपर्यंत तापली की तिच्यात १९ ग्रॅम मावू शकतं, पण पाणी असतं तेवढंच. म्हणजे हिशेबाने आर्द्रता पाच टक्के. माणसांचे श्वास, चहाची किटली, बुटांवरचा बर्फ यांच्यामुळे ती पंधरा-वीसपर्यंत येते. व्हायोलिन आणि चेलोला (व्हायोलिनच्याच घराण्यातलं, पण बसून जमिनीवर टेकवून वाजवायचं मोठं वाद्य) मानवते ४५ ते ५५ टक्के. दिवसाचं सरासरी तापमान सलग पाच दिवस ८ अंशांखाली राहिलं की शहराचं केंद्रीय हीटिंग सुरू होतं, ते थेट वसंतापर्यंत. जुन्या इमारतींत रेडिएटर कमी-जास्त करण्याची सोय बहुधा नसते. फार उकडलं की खिडकी उघडायची. मी इथे तंतुवाद्यांच्या दुरुस्तीचं काम करते, आणि जानेवारी-फेब्रुवारीत आमच्याकडे रांग लागते.

ज्या दिवसाबद्दल लिहिते आहे त्या दिवशी सहा वादकांच्या एका चेंबर गटाची संध्याकाळी सातला मैफल होती. पूर्वार्धात आरेन्स्कीचं दुसरं क्वार्टेट, उत्तरार्धात चायकॉव्स्कीचं ‘सुव्हेनिर द फ्लोरान्स’. चायकॉव्स्की १८९३ मध्ये गेले. मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत शिकवणाऱ्या आरेन्स्कींनी पुढच्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ हे क्वार्टेट लिहिलं. एरवी क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला (व्हायोलिनपेक्षा थोडी मोठी), एक चेलो. इथे व्हायोलिन एक आणि चेलो दोन. म्हणून सुरुवातीचं ते प्रार्थनेसारखं स्वरवाक्य इतकं खालून, गडद उमटतं. ‘सुव्हेनिर’ तर षट्क आहे, दोन-दोन-दोन. थोडक्यात, दोन्ही रचनांना दुसरा चेलो हवाच.

सकाळी अकराच्या सुमारास निरोप आला की दुसऱ्या चेलोची घोडी (तारांना उचलून धरणारी लाकडी पट्टी) पडली आहे आणि आतून काहीतरी खडखडतंय. मी फोनवरच सांगितलं, तारा अजिबात ताणू नका, घोडी उभी करू नका, वाद्य केसमध्ये ठेवून झाकण लावा. ते खडखडणारं म्हणजे साउंडपोस्ट. चेलोच्या पोटात, घोडीच्या ए-तारेकडच्या पायामागे, स्प्रूस लाकडाची ११ मिलिमीटर जाडीची एक कांडी उभी असते. तिला सरस नाही की खिळा नाही, ती फक्त वरच्या आणि खालच्या फळीच्या दाबावर उभी राहते. चेलोच्या चार पोलादी तारांचा ताण मिळून पन्नास किलोंच्या वर जातो. ही कांडी नसताना तारा ताणल्या तर वरची फळी त्या बाजूला दबते आणि उभी चिरते. साउंडपोस्टजवळची चीर म्हणजे महिनोन्‌महिन्यांचं काम, आणि वाद्याची किंमत उतरते ती वेगळीच.

झालं होतं ते असं. टॅक्सीला उशीर झाला, चेलो बराच वेळ गाडीच्या थंडगार डिकीत राहिला, आणि तालमीची घाई म्हणून सभागृहात पोचल्या पोचल्या केस उघडली गेली. इथले अनुभवी वादक आत आल्यावर केस तास-दीड तास बंदच ठेवतात, म्हणजे लाकूड सावकाश खोलीच्या तापमानाला येतं. त्यातून खुंट्या आधीच सैल होत्या. लाकूड वाळताना रेषांच्या आडव्या दिशेने जास्त आकसतं, रेषांच्या दिशेने जवळपास नाहीच. त्यामुळे खुंट्या बसतात त्या मेपलच्या पेटीतलं खुंटीचं गोल भोक किंचित लंबगोल होतं आणि खुंटी दोनच ठिकाणी टेकते. मग एक खुंटी सुटली की घोडीवरचा तोल जातो आणि बाकीच्या मागोमाग सुटतात.

वाद्य हातात आल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास नुसती तपासणी. तळाच्या भोकातून, जिथे चेलोचा पाय बसतो तिथून, बारीक दिवा आत सोडला आणि एफ-भोकातून, म्हणजे वरच्या फळीतल्या एफ आकाराच्या भोकातून, पाहिलं. फळीला चीर नव्हती. घोडी पडताना टेलपीस (तारांची खालची टोकं अडकवलेली पट्टी) आपटून व्हार्निशवर एक वण आला होता, तेवढंच. मग बोटाच्या पेराने कडेकडेने ठोकत गेले. सांधा शाबूत असतो तिथे आवाज भरीव येतो, सुटलेला असतो तिथे पोकळ, फडफडता. खालच्या अंगाला, ए-तारेच्या बाजूने, वरची फळी आणि बाजूची पट्टी यांच्यातला सांधा सहाएक सेंटिमीटर उघडला होता.

हे सांधे सुटतात ही खरं तर वाद्याची सोयच आहे. चेलोचा खालचा भाग सुमारे ४४ सेंटिमीटर रुंद असतो. इतक्या कोरड्या हवेत ती फळी दोनेक मिलिमीटर आकसू शकते. आकसायला जागा मिळाली नाही तर ती फाटणार. म्हणून वरची फळी मुद्दाम पातळ सरसाने चिकटवतात, म्हणजे आधी सांधा सुटतो आणि लाकूड वाचतं. कुणी फेव्हिकॉलसारख्या डिंकाने सांधा पक्का करून दिला तर तो उपकार नव्हे. मुंबईत पावसाळ्यात दारं फुगून चौकटीत अडकतात, खुंट्याही तशाच अडकतात. तिथला त्रास वेगळा, पण सांध्याला सरसच हवा, इथे आणि तिथेही.

आता क्रमाचा प्रश्न. सगळ्यांचं म्हणणं होतं की आधी साउंडपोस्ट उभा करा, दोनच्या तालमीपुरतं वाजू दे, सांध्याचं उद्या बघू. ते मी मानलं नाही. सांधा उघडा असताना वरची फळी थोडी उचललेली असते. कांडी सैल होऊन पडली तीही त्यामुळेच. त्या अवस्थेत पोस्ट बसवला तर जुनी कांडी आखूड वाटते आणि आपण लांब कांडी कापतो. मग सांधा चिकटवून फळी खाली आली की तीच कांडी आतून फळीला रेटायला लागते. म्हणजे जी चीर टाळायची, ती आपणच पाडायची. आधी सांधा, मग पोस्ट. त्या संध्याकाळचं सगळं या क्रमावर अवलंबून होतं.

पण लाकूड गार होतं. सरस ६० अंशांच्या आसपास गरम करून लावतात. गार लाकडाला लागताच तो थिजतो आणि आत न शिरता वर साय धरतो. त्यामुळे साडेबारापर्यंत थांबावं लागलं. तेवढ्यात चारही खुंट्या काढल्या. चकाकणारे पट्टे जिथे दिसतात तिथेच खुंटी टेकत असते. तिथे कोरडा साबण आणि खडू, आलटून पालटून. साबणाने फिरते, खडूने धरते. नुसता खडू लावला तर ती झटके देत फिरते आणि सूर पकडता येत नाही.

सांध्यातला जुना सरस गरम पाण्याच्या ब्रशने मऊ केला, पुसला, पाणी सुकू दिलं. मग पातळ पात्याने नवा सरस आत सरकवला, बूच लावलेले क्लॅम्प चार-चार सेंटिमीटरवर आवळले, बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने लगेच टिपला. क्लॅम्प फार आवळायचे नाहीत; सगळा सरस पिळून निघाला तर धरणार काय? खरं तर रात्रभर ठेवायला हवं. माझ्या हातात चार तास होते. कोरड्या हवेत सरस लवकर वाळतो, त्या दिवशी तिचा एवढा एकच फायदा झाला.

तालीम पाच जणांनी केली. दुसऱ्या चेलोची खुर्ची जागेवर रिकामी ठेवली होती, कारण ती हलवली की पहिला चेलो आणि व्हिओला यांचं एकमेकांना ऐकू येणं बदलतं. आपला भाग येई तिथे दुसऱ्या चेलोचे वादक मंचाच्या कडेला उभे राहून हळू आवाजात गात होते. एका विद्यार्थ्याचा चेलो आणून ठेवलेला होता, पण त्याच्या तारेची लांबी वेगळी. ६९ सेंटिमीटरची सवय असलेली बोटं सत्तरवर गेली की वरच्या पट्टीत प्रत्येक सूर शोधावा लागतो.

साडेचारला क्लॅम्प काढले. ठोकून पाहिलं, आवाज सलग भरीव. जुनी कांडी तपासली. दोन्ही टोकं फळीच्या वळणाला जुळत होती, म्हणून तीच ठेवली. मैफलीच्या तोंडावर नवी कांडी म्हणजे नवा आवाज, आणि तो वादकाच्या ओळखीचा नसतो. एस आकाराच्या लोखंडी पट्टीच्या टोकावर कांडी टोचून एफ-भोकातून आत घेतली. तिच्या रेषा फळीच्या रेषांना आडव्या हव्यात, नाहीतर ती मऊ स्प्रूसमध्ये रुतते. घोडीच्या पायामागे पाचेक मिलिमीटर, बाहेरची कड पायाच्या कडेच्या किंचित आत. तारांशिवाय ती स्वतः उभी राहिली पाहिजे आणि हलक्या टिचकीने सरकलीही पाहिजे.

मग घोडी. इथले बरेच चेलोवादक दोन घोड्या बाळगतात, उन्हाळ्याची बुटकी आणि हिवाळ्याची उंच, कारण कोरड्या हवेत फळी खाली बसते आणि तारा फिंगरबोर्डला (तारांखालची पट्टी, जिच्यावर बोटं दाबतात) टेकू लागतात. पडलेली घोडी हिवाळ्याचीच होती, पायाला टवका गेलेला नव्हता. खाचांत पेन्सिलचं शिसं भरलं, तारा आधी एक सूर खाली चढवल्या, थांबले, मग वर. तार चढताना घोडी फिंगरबोर्डकडे झुकते. दर वेळी तिची मागची बाजू काटकोनात आणावी लागते.

वाजवल्यावर मोकळ्या जी-तारेवर झणझण आली. सगळे सांध्याकडे बघायला लागले. सांधा ठीक होता. टेलपीस आपटल्यामुळे एका फाइन ट्यूनरची (सूर बारीक जुळवायच्या स्क्रूची) नट सैल झाली होती. आणखी एक गोष्ट जागची हलली होती, ती म्हणजे वुल्फ. चेलोत एफच्या आसपास एक सूर पोटाच्या स्वतःच्या कंपनाशी भांडतो आणि गुरगुरतो. पोस्ट केसभर सरकला तरी त्याची जागा बदलते. घोडी आणि टेलपीस यांच्यामधल्या भागात जी-तारेवर जो छोटा पितळी नळीसारखा भार लावतात, तो थोडा थोडा सरकवत गुरगुर दबली. शेवटी सूर्डीन (घोडीवर बसवायचा, आवाज दबवणारा तुकडा) लावून आरेन्स्कीची सुरुवात. सूर्डीन आवाज झाकतं खरं, पण किंचितशी झणझणही त्या शांततेत उघडी पडते. ती नव्हती.

मैफलीत पूर्वार्धाच्या अखेरीस ए-तार थोडी उतरली होती, मध्यंतरात पुन्हा लावली. ‘सुव्हेनिर’च्या दुसऱ्या भागात व्हायोलिन आणि पहिला चेलो गात असतात, आणि बाकीचे खाली पिझिकाटो, म्हणजे गजाऐवजी बोटाने तार छेडणं, धरतात. पोस्ट चुकलेला असेल तर पिझिकाटो लगेच मरतो. त्या दिवशी सी-तारेचा प्रत्येक टोला शेवटच्या रांगेपर्यंत पुरून उरत होता.

दुसऱ्या दिवशी चेलो कार्यशाळेत आला. सांध्याच्या टोकाला सेंटिमीटरभर जागा पुन्हा उघडली होती. तेवढी परत चिकटवून चोवीस तास क्लॅम्पमध्ये ठेवली. केसमध्ये आर्द्रतामापक आणि एफ-भोकातून सोडायची ओली नळी दिली. नळी भिजवून पिळायची, बाहेरून पूर्ण पुसायची आणि मगच आत सोडायची, कारण एक थेंबही आत पडला तर तिथला सरस सुटतो. मापक ४० च्या खाली गेला की रोज, वर असेल तर एक दिवसाआड.