आमरसावर हायकू

मे महिन्यातली दुपार, आमरस-पुरीचं जेवण झालेलं, सगळी मंडळी सतरंजीवर आडवी व्हायच्या बेतात, आणि मावशीने फर्मान काढलं की आता कोणी झोपायचं नाही, साडेतीनपर्यंत प्रत्येकाने एक तरी हायकू लिहायचा. वाणसामानाच्या जुन्या याद्या फाडून तिने पाठकोऱ्या पट्ट्यापण करून ठेवल्या होत्या. काका म्हणाले मला नाही येत, तर म्हणे तीनच ओळी आहेत, बँकेच्या फॉर्मवर ह्यापेक्षा जास्त लिहिता.

आता कविता काय अशी अलार्म लावून होते का! पण जपानात हे बिनदिक्कत चालतं, कुकाई म्हणतात त्याला. ठरलेल्या वेळी जमायचं, वेळ संपली की पट्ट्या गोळा, एका पट्टीवर एकच हायकू आणि नाव घालायचं नाही. मग पट्ट्या पिसून वाटतात आणि ज्याच्या वाट्याला ज्या येतील त्या तो आपल्या अक्षरात उतरवून काढतो, म्हणजे अक्षरावरूनपण कळायला नको कोणाचा ते. मग सगळे आपापल्या आवडीचे निवडतात, ते मोठ्याने वाचतात आणि तेव्हा कुठे लिहिणारा आपलं नाव सांगतो. हे उतरवून काढणं मला भारी आवडतं. ज्या शिकी नावाच्या कवीने (१८६७–१९०२) हायकू हे नाव रूढ केलं त्याच्या मात्सुयामा गावात तर हायकू टाकायला चक्क पेट्या ठेवल्यात, सुचला की टाका. मला तर बाई वेळ लावून दिल्याशिवाय काही सुचतच नाही.

आणि आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? लहानपणी आमच्या शेजारी एक काकू होत्या, एरवी तोंडातून शब्द नाही. हळदीकुंकवाला बायकांनी नाव घ्या नाव घ्या करून घेरलं की पदराचं टोक बोटाला गुंडाळत छताकडे बघायच्या, आणि एकदम, "नंबर लावून महिना झाला, सिलेंडर काही येईना, अमुकरावांशिवाय माझं पान काही हलेना". हसून हसून बायकांच्या हातातली वाटली डाळ सांडायची आणि काकू परत गप्प.

कवयित्री शिरीष पैंनी हायकू मराठीत रुजवला तेव्हापासून आपण यमक जुळवतो, जपान्यांसारखी तीन ओळींची पाच-सात-पाच अक्षरं मोजत बसत नाही. मी मात्र मोजते, बोटांच्या पेरांवर, आणि मधल्या ओळीत हमखास आठवं अक्षर उगवतं. माझं हे चालू असताना भाचीचा झालापण:

आमरस संपला
वाटी चाटताना
पंखा थांबला

लाईट खरंच गेले होते त्यामुळे टाळ्या पडल्या. जपानी लोक हायकूत ऋतूचा शब्द हवाच म्हणतात, तर आमच्याकडे आंबा सोडून दुसरा ऋतूच निघाला नाही. काकांचा फणस धरला तर एक अपवाद. आणि मग भाच्याने उतरवलेला एक वाचला गेला, यमकबिमक काही नाही:

आंब्याची पेटी
पत्त्यावर अजून
आजोबांचं नाव

कोणाचा, कोणाचा, मावशीने दोनदा विचारलं. कोणी बोलेना. भाच्याला म्हटलं मूळची पट्टी आण बघू, तर त्या गठ्ठ्याने तो सगळ्यांना वारा घालत बसला होता आणि त्यातली नेमकी ती सापडली नाही.