नाव नको टाकू

दुपारपासून एकच वाक्य डोक्यात फिरतंय. नागपूरच्या एम्प्रेस मिलवर नाटक लिहितेय, आणि त्यातल्या विणकऱ्याची बायको म्हणजे या मावशी. चहाचे कप आत नेता नेता मावशी म्हणाल्या, "सगळं लिव बाई, पण त्यायचं नाव नको टाकू नाटकात." मग काय टाकू, विचारलं. "नंबर टाक. मिलमधी नंबरच होता." एवढं बोलून त्या मेथी निवडायला बसल्या. मला तिथून उठवेना आणि बसवेनाही.

आणि दुपार किती छान चालली होती. मावशींनी आज स्वतःहून पेटी उघडली. पगाराची पाकिटं, फंडाचे कागद, घडी पडून फाटायला आलेला एक फोटो. नवरा पाळीवरून आला की त्याच्या भुवयांवर कापूस बसलेला असायचा, म्हणाल्या. दारातच पदराने झटकायचा, नाहीतर पोळीत उतरायचा. विणाईखात्यात एवढा आवाज की माणसं ओठ पाहून आणि हाताच्या खुणांनी बोलत. ती सवय घरातही आली. पाणी हवं, मीठ कमी आहे, पोराला उचल, सगळ्याच्या खुणा मावशींनी मला करून दाखवल्या. बोलायचे तेव्हा मात्र इतके मोठ्याने की शेजारच्यांना वाटायचं, यांच्याकडे रोजच भांडण. मी भराभर लिहून घेत होते. दुसऱ्या अंकाचं जेवणाचं दृश्य मला तिथेच दिसलं, एकही संवाद नसलेलं. आणि त्यानंतर हे.

घरी येईपर्यंत मला राग आला होता. मावशींवर नाही. कोणावर ते सांगता येत नाही. या नाटकाला मी काय काय दिलंय ते मलाच माहीत. तालमीच्या हॉलचं भाडं, नोकरीवरचं बोलणं खाणं, घरात बोललं न जाणारं बरंच काही. नागपुरात नवीन संहिता उभी करायची म्हणजे आधी माणसं गोळा करा, मग ती टिकवा. हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी, त्याआधी संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडे ती पाठवायची. आणि आता, सगळं जुळत आलं असताना, ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं त्याचंच नाव काढून टाकायचं?

कारण पहिला अंक नावांनीच भरलाय. जमशेटजी टाटा आहेत. वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे 1867 पासून दाराशी, हे हिशेब करून मुंबई सोडून इथे येणारे. जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आताच्या शुक्रवारी तलावाजवळची, दलदलीची जागा त्यांनी भरायला घेतली, तेव्हा एका सावकाराने पैसे द्यायला नकार दिला होता, हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय म्हणून. बेझनजी मेहता आहेत, रेल्वेच्या मालखात्यातून उचलून आणलेले, गिरणीचं काडीचं ज्ञान नसलेले आणि तरी सगळी गिरणी चालवून दाखवणारे. यंत्रांचा जाणकार ब्रुक्सबी आहे. 1 जानेवारी 1877 ला दिल्लीत व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली आणि त्याच दिवशी इथे गिरणी सुरू झाली, म्हणून तिचं नाव एम्प्रेस. म्हणजे जिने नागपूर कधी पाहिलं नाही त्या बाईचंसुद्धा नाव राहिलं. बेझनजींचं बेझनबाग झालं, बसचा कंडक्टरही ते रोज घेतो. मी यातल्या कोणालाही खलनायक केलेलं नाही. ती माणसं खरोखर मोठी होती. इंग्लंडातले लँकेशायरवाले गिरणीमालक अजून बिचकत होते तेव्हा इथे सूत कातायची नवी रिंग फ्रेम चालवून पाहिली, 1886 मध्ये पेन्शन फंड काढला. पण मी मनाशी ठरवलं होतं की दुसरा अंक उघडेल तो एका विणकऱ्याच्या नावाने. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, मोठ्याने पुकारलेलं.

नंबर टाक, म्हणे. नंबर टाकला तर मी आणि हजेरीबुक यांत फरक काय उरला? रंगमंचावरही त्यांना नंबरानेच हाक मारायची?

लाज वाटते का त्यांना? मिलच्या कामाची तर नक्कीच नाही, पेटी उघडताना चेहरा पाहिलाय मी. मग भीती? एम्प्रेस 1986 ला राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, 2002 ला कायमची बंद झाली. बंद झाल्यावर काय केलं त्यांनी, असं मी मागेही विचारलंय. "मंग काय, राह्यले," एवढंच उत्तर मिळतं. आजही बोलणं तिथवर पोचलं तेवढ्यात थोरला मुलगा ड्युटीवरून आला आणि मावशींनी पेटी पलंगाखाली सरकवली. त्याने माझ्याकडे पाहिलं ते मला आवडलं नाही. जाऊ दे ते.

की आपल्या माणसाच्या नावाचं सोंग कोणा परक्या पोराने घ्यावं, हेच त्यांना नको आहे? हे मला पटतं. आणि पटलं तरी नाव सोडवत नाही.

रात्री जेवण झाल्यावर वही काढून बसले. आधीच्या भेटींची टिपणंही काढली. मी मावशींचे शब्द जसेच्या तसे उतरवते, त्यांचं बोलणं माझ्या बोलण्यात मिसळू नये म्हणून. आणि पानामागून पान चाळताना दिसलं की त्यांनी ते नाव कधीच घेतलेलं नाही. एकदाही नाही. "आमच्या घरचे." "ते." "पोट्ट्यायचे बाबा." मला नाव मिळालं ते फंडाच्या कागदावरून. त्या पिढीची बाई नवऱ्याचं नाव घेईल ते उखाण्यात, तेही चारचौघींनी अडवून धरल्यावर. म्हणजे जे नाव त्यांनी स्वतः उभ्या आयुष्यात सहज उच्चारलं नाही, ते मी रोज संध्याकाळी माइकवरून पुकारायला निघाले होते.

मग संहिता उघडली आणि दुसऱ्या अंकात त्या माणसाला कोण कशी हाक मारतं ते पाहत गेले. बायको, "अहो, ऐकलं का." मुलगा, "बाबा." चहाच्या टपरीवरचे सोबती, "भाऊ." खात्यात तर हाक ऐकूच येत नाही, तिथे खांद्यावर थाप. नंबर पुकारला जातो तो फक्त पगाराच्या खिडकीवर. तो तिथेच राहू दे, मावशींनीच सांगितलाय. नावाची गरज एकाही दृश्याला पडत नाही. ती मलाच होती. पहिल्या अंकात साहेब लोक एकमेकांना नावाने बोलावतात आणि दुसऱ्या अंकात घरभर, गल्लीभर माणसं असूनही कोणाला नावाची गरज लागत नाही, हे प्रेक्षकांपर्यंत पोचलं तर पोचलं. न पोचलं तर मी काही समजवायला उभी राहणार नाही.

तरी ते पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, इतकं सुंदर आहे. गणपतीच्या मांडवात पुकारल्यासारखं वाटतं.

पात्रांच्या यादीत आत्ताच बदल केला. जमशेटजी, बेझनजी, ब्रुक्सबी आणि त्यांच्याखाली, त्याच टाइपात, "आमच्या घरचे." नंबर यादीत घातला नाही. मावशी बोलल्या तर त्यांना वाचून दाखवीन. यादीत असं चालेल का, हे मंडळाला विचारावं लागेल.

भूमिका करणाऱ्या पोराला फोन केला तर तो गडबडला. "मॅडम, नावच नाही तर त्या माणसात शिरू कसा?" बरोबर विचारलं त्याने. त्याला म्हटलं, रविवारी सकाळी सहाला शुक्रवारी तलावावर ये, चप्पल साधी घाल. तिथून कॉटन मार्केट, स्टेशन, कामठी रोडने कडबी चौक, बेझनबाग आणि इंदोरा. रातपाळी सुटली की ते जायचे तसं, पायी. गाडी घरी ठेवून ये म्हणून दोनदा सांगितलंय.