कळव्याहून आळंदी: जिथं पाणी दिशा बदलतं

कार्तिकीला आमची दिंडी कळव्याहून शिळफाटा, पनवेल, चौक, खोपोली अशी आळंदीला जाते. पनवेलपर्यंत नुसते कंटेनर आणि धूळ. टाळांपेक्षा हॉर्नचाच गजर जास्त, त्यामुळे त्या वाटेचं फारसं काही सांगण्यासारखं नाही. चौकच्या आसपास मात्र घणसोलीच्या मावश्यांनी चालता चालता डोंगराच्या दिशेनं हात जोडले. तिकडे धावरी नदीवर मोरबे धरण आहे, नवी मुंबईच्या नळाला तिथलंच पाणी येतं.

खोपोलीत पाताळगंगा कार्तिकातही वाहती दिसते. ही करामत टाटांची. लोणावळ्याच्या माथ्यावरचा पाऊस मुळात पूर्वेला, इंद्रायणीच्या खोऱ्यात उतरणारा. वळवण, शिरोता अशा तलावांत तो अडवला, मोठमोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली सोडला आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी असं धरमतरच्या खाडीला लागलं. मुंबईतल्या गिरण्या त्या विजेवर चालल्या, हे खरंच. पण आळंदीला निघालेल्या माणसाला हा हिशेब जरा टोचतो.

काकडा आटोपून घाट चढायला घेतला. शिंग्रोबाला नारळ फोडला. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर तो, असं परंपरेनं सांगतात. राजमाची पॉइंटवर सगळे टेकले. समोरची खोल दरी उल्हासची. तिथून कर्जत, बदलापूर, कल्याण करत ही नदी १२२ किलोमीटर चालते. ठाण्याच्या वर तिला फाटा फुटतो. मोठा प्रवाह घोडबंदरवरून वसईच्या खाडीत जातो, धाकटा कळव्याच्या पुलाखालून ठाणे खाडीत. विणेकरी काका जन्मभर त्या खाडीवर मासे मारलेले. बराच वेळ दरीत बघून म्हणाले, "म्हंजे आपले खारीचा पानी हितून येतंय व्हय, माऊली?"

घाट संपला की उतार उलटा होतो. कुरवंड्याजवळ इंद्रायणी उगम पावते, देहू-आळंदी करून तुळापूरला भीमेला मिळते आणि मग पंढरपुरात चंद्रभागा म्हणवते. चालणाऱ्याला हा बदल पोटऱ्यांत कळतो.

ही वाट वारीहून कितीतरी जुनी आहे. वाटेतल्या कार्ल्याच्या लेण्यांत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत, सोपाऱ्याच्या दात्याचं नाव कोरलेलं आहे. म्हणजे आमच्याच बाजूच्या बंदरावरचा माणूस घाट चढून इथं दान देऊन गेला होता.

आळंदीत घाटावर पोहोचलो तर इंद्रायणीवर पांढरा फेस. वरच्या अंगाचं पाणी विजेला द्यायचं, उरलेल्यात शहरांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी सोडायचं, आणि पर्वणीला तिच्यातच स्नान करायचं! मी चिडून बोलत होतो तोवर काका कमरेएवढ्या पाण्यात उतरलेही होते. मी पाय धुऊन दर्शनबारीत जाऊन उभा राहिलो.