तुम्ही विचारलंत म्हणून: मी बाटलीचं नाव का सांगत नाही

‘कोरड्या केसांना तू काय लावतेस? फक्त नाव सांग, बाकी आम्ही बघू.’ मी नाव सांगत नाही, म्हणून एकीनं परवा तोंडावर विचारलं, ‘लपवून काय मिळतं तुला?’ ते लागलं. म्हणून लिहितेय.

लपवण्यासारखं काही नाही. माझे केस ब्लीचनं बिघडलेत. ब्लीचमुळे केसावरचा नैसर्गिक स्निग्ध थर निघून जातो, खवले उचकटतात आणि केसावर ऋण विद्युतभार वाढतो. कंडिशनरमधल्या बेहेनट्रायमोनियम क्लोराइडसारख्या घटकांवर धन भार असतो, त्यामुळे ते नेमके अशा जागी चिकटतात. माझा दाट कंडिशनर या नुकसानीच्या मापाचा आहे. तोच बारीक, धडधाकट केसांना लावला तर ते चपटे आणि चिकट होतील. मग नाव घेऊन काय करणार?

पण खरं कारण हे नाही. पूर्वी मी नावं सांगायचे, हौसेनं सांगायचे.

माझ्या मावसबहिणीचे केस अचानक राठ झाले. तिनं मला विचारलं आणि मला आनंद झाला, हे कबूल करते. आधी सल्फेट नसलेला शॅम्पू सांगितला. मग मास्क. मग धुतल्यावर लावून ठेवायचं क्रीम. फरक पडेना, तेव्हा प्रोटीनचा मास्क. त्यानं केस आणखी ताठर होऊन तुटायला लागले, तर तो बंद करून दुसरा. सात महिने हे चाललं. मधे एकदा ती म्हणाली, ‘ताई, दिवसभर गळून गेल्यासारखं वाटतं गं, आणि सगळे पंखा लावून बसतात तेव्हा मला थंडी वाजते.’ मी म्हटलं, झोप नीट घे. आणि पुन्हा केसांवर आले.

शेवटी दुसऱ्याच कशासाठी तरी ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तिची कोरडी त्वचा पाहिली, केस पाहिले आणि थायरॉइडची तपासणी सांगितली. थायरॉइड बरंच मंदावलं होतं.

त्यानंतर मी तिच्या घरी गेले. न्हाणीघरातल्या फळीवर अकरा बाटल्या होत्या, सगळ्या अर्धवट. प्रत्येकीवर तिनं कागदाची पट्टी चिकटवली होती: ‘ताई – आठवड्यातून दोनदा’, ‘ताई – फक्त टोकांना’. मी तिथेच उभी राहिले. बाहेरून ती चहाला हाका मारत होती.

मी डॉक्टर नाही. ती जाणती आहे, तिला कुणी अडवलं नव्हतं. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. पण थकव्याचं तिनं फक्त मलाच सांगितलं होतं, हेही खरं.

तेव्हापासून मी आधी विचारते. कोरडेपणा टोकांना आहे की मुळापासून? केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे तीस सेंटिमीटर लांब केसाचं टोक अडीच वर्षांचं असतं. ते रुक्ष असणं समजू शकतं. पण मुळाशी नवा येणारा केसच राठ येत असेल, तर बाटली बदलण्याआधी तपासणी करून घ्या. माझ्या प्रश्नांनी लोक कंटाळतात. कंटाळू देत.

सिलिकॉन वाईट, असं पूर्वी मी छातीठोकपणे सांगायचे. आज माझ्याच कंडिशनरमध्ये डायमेथिकोन, म्हणजे सिलिकॉनच, आहे आणि त्यानं गुंता कमी होतो. तेव्हाची मी चुकले होते की आता सवलत घेतेय, मला ठरवता येत नाही. खोबरेलाचं मात्र न अडखळता सांगते: 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना झाली, त्यात केसांतल्या प्रथिनांची झीज खोबरेलानंच कमी केली. पण त्यानं फाटलेलं टोक सांधत नाही. ते कापावंच लागतं.

गोळ्या सुरू झाल्यावर बहिणीचे मुळाशी येणारे केस मऊ यायला लागलेत. गेल्या आठवड्यात तिचा मेसेज आला: ‘ताई, जुन्या टोकांसाठी आता कुठला कंडिशनर घेऊ?’ मी नाव लिहिलं, पुसलं, आणि विचारलं, थकवा कसा आहे? ती म्हणाली, ‘थकवा गेला गं. तू नाव सांग.’

अजून सांगितलेलं नाही.